एक्सपल्सला हॅन्डगार्ड, बॅश प्लेट, रॅक आणि जादा लाइट बसवायचेत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की हिरोची एक्सपल्स 200 ही खडबडीत रस्त्यांची मोटरसायकल नवीन आहे, सप्टेंबरात हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय आणि सगळं एकाच दिवशी बसवून घ्यायचा विचार आहे. माझं ऐकाल तर एकदम नको. आधी हॅन्डगार्ड (हँडलच्या टोकांना हात आणि लिव्हर वाचवणारं कवच) आणि बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक पत्रा-प्लेट), मग सामानाचा रॅक, लाइट सगळ्यात शेवटी. एक वस्तू बसवा, 200-300 किलोमीटर चालवा, मग पुढची. चारही एकदम लावल्या तर खडखड कुठून येतेय तेच सापडत नाही.

हॅन्डगार्ड पहिला, कारण गाडी आडवी झाली की आधी ब्रेक-क्लचचा लिव्हर मोडतो. बसवल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून थ्रॉटल उघडा आणि सोडा. तो दोन्हीकडे आपसूक, झटकन मागे आला पाहिजे. ग्रिपचं रबर टोकाला हॅन्डगार्डला घासत असेल तर तो अडकतो, आणि खडीवर अडकलेला थ्रॉटल म्हणजे जिवाशी खेळ.

रॅक, किंवा पुढे कधी क्रॅश गार्ड (इंजिनाभोवतीचे पाइप) लावलात तर तोही, बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने, सैलच अडकवा. सगळे बसले की मग पाना लावा. एक बाजू आवळून दुसरी ओढून-ताणून बसवली तर पाइपवर कायमचा ताण राहतो आणि पुढे वेल्डिंगपाशी तडा जातो. बोल्ट इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये जाणार असेल तर पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) निळं वापरा. तांबडं गरम केल्याशिवाय सुटत नाही.

आवळून झाल्यावर मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. रोज सकाळी टॉर्च मारून बघायला दोन मिनिटं पुरतात.

लाइटच्या बाबतीत मी स्वतः पोळलोय. एका दुकानात हेडलाइटचीच वायर सोलून, टेप गुंडाळून जोडणी करून दिली होती. ताम्हिणी घाटात भर पावसात, संध्याकाळी सातला, फ्यूज उडाला आणि हेडलाइटसकट सगळा अंधार. तेव्हा बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीलगत फ्यूज, मध्ये रिले (बारीक स्विचने जास्त करंट चालू-बंद करणारा भाग), एवढं मागून घ्याच. 20 वॉटचे दोन लाइट 12 व्होल्टवर साधारण 3.3 अँपिअर ओढतात, 5 चा फ्यूज पुरतो. हँडलच्या मानेपाशी वायर थोडी ढिली ठेवा, नाहीतर वळवून वळवून आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही.

बॅश प्लेट बसवण्यापेक्षा सांभाळायला जास्त लक्ष लागतं. कोकणातली लाल माती तिच्यात आणि इंजिनच्या बुडात भरून विटेसारखी घट्ट बसते. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला ती नको, आणि आतले बोल्टही गंजतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्लेट उतरवून धुवा. घेतानाच बघा, ऑइल काढायचा बोल्ट प्लेट न काढता हाताला लागतो का.

सीटखाली दोन जादा फ्यूज, 6 आणि 8 मिलिमीटरचे चार-चार बोल्ट, केबल टाय आणि हातभर वायर ठेवा. आणि निघण्याआधी, ऑगस्टमध्ये, स्पितीला नेणार तेवढंच सामान लादून एक दिवस ताम्हिणीतून माणगावला जाऊन या. घरी आल्यावर आधी रेघा बघा, मग गाडी धुवा.