ओढ्याकाठच्या पाणथळ जागेत ब्राह्मी लावता येईल का?

हो, येईल. पण आधी नक्की कोणती ब्राह्मी ते बघा, कारण नर्सरीत दोन वेगळ्या वनस्पती याच नावाने मिळतात. गोल, कातरलेल्या कडेचं पान असेल तर ती मंडूकपर्णी. पान छोटं, जाडसर, रसाळ आणि फूल फिकट पांढरं-जांभळट असेल तर ती नीरब्राह्मी. तुमच्या सतत ओल्या जागेला नीरब्राह्मीच योग्य.

बियांच्या नादी लागू नका. पावसाळ्याच्या तोंडाला बोटभर लांबीच्या फांद्या तोडा, दोन-तीन पेरं चिखलात आडवी दाबा आणि वीतभर अंतर ठेवा. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, मग ती जमिनीवर सतरंजीसारखी पसरते. खत नको. सुरुवातीला फक्त उंच गवत उपटत राहा, नाहीतर ते तिला झाकून टाकतं. ऊन भरपूर हवं. किंचित खारं पाणीही तिला चालतं, म्हणून ती खाडीकाठीही दिसते.

ओढ्यात सांडपाणी येत असेल तर लावा खुशाल, पण खाऊ नका. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. आणि रोपं आणताना मुळांत जलपर्णीचा तुकडा अडकलेला नाही ना, हे धुऊन बघा.