जॉन वुडन यांना कॉलेज बास्केटबॉलचे सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक का मानतात?

आकडेच तसे आहेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्यांनी १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यातली सात तर सलग, १९६७ ते १९७३. मधे ओळीने ८८ सामने जिंकले. ती मालिका जानेवारी १९७४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाने अवघ्या एका गुणाने तोडली.

पण मला जास्त भावतं ते आधीचं. वुडन यूसीएलएत आले १९४८ साली आणि पहिलं विजेतेपद आलं १९६४ मध्ये. म्हणजे तब्बल सोळावा हंगाम! आज एवढा धीर कोण धरेल?

मूळचे अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचे, पेशाने इंग्रजीचे शिक्षक. त्यामुळे शिकवणंही मास्तरी थाटाचं: पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते दाखवायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. करीम अब्दुल-जब्बार, बिल वॉल्टन अशा दिग्गजांनीही हा धडा गिरवलाय. (अर्थात असे खेळाडू हाताशी होते, हेही विसरू नका.)

१९७५ च्या अंतिम सामन्यात केंटकीला हरवलं आणि तिथेच थांबले.