नर लांडगा? मग मादी कुठे गेली?

प्रश्न आला आहे तो असा: जॉन लँडिसच्या १९८१ च्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन'बद्दलच्या एका मराठी टिपणात 'नर लांडगा' असा शब्द दिसला. वेअरवूल्फला, म्हणजे पौर्णिमेला ज्याचा लांडगा होतो त्या माणसाला, मराठीत हेच म्हणायचे का? आणि त्यातल्या 'वेअर'चा अर्थ 'रूप पालटणारा' आहे ना?

नाही, आणि नाही.

'वेअर म्हणजे रूप पालटणे' हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. घोळ इंग्रजांनीच घातला. शब्दाचा पहिला तुकडा तोडून त्यांनी तो वाघाला लावला, अस्वलाला लावला, सशालाही सोडले नाही. जुन्या इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष, बाप्या माणूस. बाईला 'वीफ'. पुढे 'वेर' वापरातून गेला, पण 'वर्ल्ड'मध्ये अजून दडून बसला आहे. ते मुळात 'वेर' अधिक 'एल्ड', म्हणजे माणसाचे युग. लॅटिनमधला 'विर' त्याचा भाऊ आणि आपला 'वीर' सुद्धा. 'वूल्फ'चे गोत्र तर आणखी सरळ: ग्रीक लिकॉस, लॅटिन लुपुस, संस्कृत वृक. तेव्हा वेअरवूल्फ म्हणजे घरच्या भाषेत 'वीरवृक'. दोन्ही पदे आपल्या नात्यातली आणि आपण मात्र कसला तरी 'नर' शोधत बसतो!

एक पंथ म्हणतो की हा 'वेर' पुरुषाचा नव्हेच, तो पांघरण्याचा: लांडग्याचे कातडे अंगावर घेणारा. जुन्या इंग्रजी रूपात 'वेर'नंतर एक जादा ए-कार दिसतो, एवढा त्यांचा आधार. एका स्वरासाठी अख्खा पुरुष घराबाहेर काढायचा आणि त्याच्या जागी खुंटीवर कोट आणून टांगायचा, ही विद्वत्ता मला झेपत नाही.

'नर लांडगा'ची गंमत अशी की शब्दशः पाहिले तर 'वेर'ला 'नर' चपखल आहे. पण मराठी वाचकाला जोडीने मादीच आठवणार. जोडून 'नरलांडगा' लिहिलेत तरी सुटका नाही, कारण नरव्याघ्र, नरशार्दूल ही आपल्याकडे स्तुती असते. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर शोभेल.

पण हे सगळे बाजूला ठेवा. 'वृक' हातात आला आहे तर वैदिक शब्दांची फोड करून अर्थ सांगणाऱ्या प्राचीन यास्काकडे जाऊया, खरा माल तिथे आहे. 'निरुक्त' या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात यास्क बेधडक लिहितो: वृकश्चन्द्रमा भवति. वृक म्हणजे चंद्र! आधाराला तो ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १०५ व्या सूक्तातली ऋचा देतो: 'अरुणो मा सकृद्वृकः पथा यन्तं ददर्श हि'. वाटेने जाणाऱ्या मला तांबूस लांडग्याने एकदा पाहिले. पदपाठ, म्हणजे ऋचेतले शब्द सुटे करून दाखवणारा पाठ, 'मा' (मला) आणि 'सकृत्' (एकदा) अशी दोन पदे पाडतो. यास्क म्हणतो, छे, 'मासकृत्' हे एकच पद, म्हणजे महिने घडवणारा, म्हणजे चंद्र.

आधुनिक भाषांतरकार इथे पदपाठाच्या बाजूने उभे राहतात आणि यास्काने ओढाताण केली म्हणतात. अहो, त्या सूक्ताची सुरुवातच 'चन्द्रमा अप्स्वन्तरा' अशी आहे. ज्या सूक्तात पहिल्याच पदाला चंद्र धावतो, तिथे अठराव्या ऋचेत तो पुन्हा दिसला तर त्यात ओढाताण कसली? व्याकरणात पदपाठ बरोबर असेलही, पण रसिकतेत यास्क जिंकला. लांडगा, चंद्र आणि वाटेवरचा एकटा माणूस, तिन्ही एका ओळीत!

आता लँडिसचा सिनेमा आठवा. डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन तरुण यॉर्कशरच्या माळावरून चालले आहेत. 'द स्लॉटर्ड लँब' नावाच्या दारूगुत्त्यातले गावकरी त्यांना बजावतात की वाट सोडू नका आणि चंद्राला जपा. पोरे वाट सोडतात, लांडगा जॅकला मारतो आणि डेव्हिडला चावतो. पथा यन्तं होते तोवर ठीक चालले होते.

आणि ऋचेचा दुसरा अर्धा भाग तर ऐकाच: 'उज्जिहीते निचाय्या तष्टेव पृष्ट्यामयी'. मला पाहून तो उठतो, पाठ धरलेल्या सुतारासारखा! सिनेमात डेव्हिडचा लांडगा होतो तो प्रसंग पाहिला असेल तर इथे टाळी द्याल. लख्ख उजेडातली खोली, मागे सॅम कुकचे 'ब्लू मून', हाताचा पंजा ताणला जातो आहे, पाठीचा कणा कातडीखालून वर येतो आहे. संगणक नाही, अंधाराचा आडोसा नाही. रंगभूषाकार रिक बेकरने रबर, केस आणि खटपटी यंत्रे यांवर हे उभे केले. केस उगवताना दिसतात ते खरे तर आत ओढून घेतले होते आणि चित्रफीत उलटी फिरवली. उत्कृष्ट रंगभूषेचे नियमित ऑस्कर सुरू झाले त्याच वर्षी आणि पहिले बेकरलाच मिळाले. वैदिक कवीला रूपांतर अभिप्रेत नसेल, हे मला कळते. पण लांडग्याच्या पाठीत कळ घालणारा पहिला कलावंत तोच, हा माझा दावा मी सोडणार नाही.

विनोदाचे विचारलेत ना? की नव्हते विचारले? असो. मेलेला जॅक गळ्याची लक्तरे लोंबत असताना इस्पितळात येतो आणि मित्राच्या ताटातला टोस्ट मागतो. शेवटी पिकॅडिली सर्कसमध्ये जी लांडगेतोड होते तिच्या आधी लांडग्यांचे बळी ठरलेले सगळे मृत चित्रपटगृहात ओळीने बसून डेव्हिडला आत्महत्येचे सोयीस्कर मार्ग सुचवतात, अगदी घरगुती सल्ला द्यावा तसे. आपल्याकडे १९९२ च्या 'जुनून'मध्ये पौर्णिमेला लांडग्याऐवजी वाघ झाला, पण ही गंमत तिथे आली नाही.

हो, शब्द राहिला. 'वृकमानव' चालेल, ग्रीकांच्या 'लिकान्थ्रोपॉस'चे ते तंतोतंत रूप आहे. बोलताना मला 'लांडगामाणूस' बरा वाटतो. नाहीतर सरळ वेअरवूल्फ लिहा, पण 'व्हेअरवूल्फ' लिहू नका. तो लांडगा कुठे आहे, असे कुणी विचारत नाहीये.