बोअरच्या पाण्याचा सामू 8.1 आला, म्हणून कुंड्यांना रोज व्हिनेगर घालायचं का?

ताई, आधी थेट उत्तर: नको. शेणखत-गांडूळखताच्या मातीतल्या झाडांसाठी रोजच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच (7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), मोजून तो साडेसहावर आणत बसायची गरज नाही. पण "ऑर्गॅनिक मातीला काही फरक पडत नाही, कसलंही पाणी घाला" हे जे दुसरं उत्तर तुम्हाला मिळालं, तेही मला पटत नाही. तुमच्या पाण्याकडे लक्ष द्यायलाच हवं, फक्त पीएच मोजायच्या पेनवरच्या आकड्यापेक्षा वेगळ्या गोष्टीकडे.

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यात गच्चीवर बाग आहे, पाणी सोसायटीच्या बोअरचं. कुंड्यांत माती, शेणखत आणि गांडूळखत, रासायनिक खत अजिबात नाही. कढीपत्ता आणि मोगरा पिवळे पडताहेत. ताईंनी पीएच-पेन मागवलं, पाणी 8.1 दाखवतंय आणि कुणीतरी सांगितलंय की प्रत्येक झारीत व्हिनेगर घालून ते 6.5 करा.

हा साडेसहाचा आकडा हायड्रोपोनिक्सवाल्यांचा. त्यांचं बरोबरच आहे. मातीविना वाढवताना मुळांभोवती खतमिश्रित पाण्याशिवाय काही नसतं, त्यामुळे ते पाणी 5.5 ते 6.5 च्या दरम्यान ठेवावंच लागतं. नुसत्या कोकोपीटमध्ये विद्राव्य खतं देणाऱ्यांनाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. मातीचं गणित निराळं. मातीतले चिकणमातीचे कण आणि कुजलेला सेंद्रिय भाग हायड्रोजन, कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात. वरून ओतलेलं पाणी थोड्याच वेळात मातीचा सामू घेतं, मातीला आपला देत नाही. शिवाय झाड स्वतः गप्प बसत नाही. अमोनियम (नत्राचं एक रूप) शोषताना मुळं आम्ल बाहेर सोडतात, शेणखतातल्या अमोनियमचं नायट्रेट होतानाही आम्ल तयार होतं. मुळाच्या अगदी लगतच्या मातीचा सामू बाकीच्या कुंडीपेक्षा एखाद्या अंकाने वेगळा असू शकतो. आपण झारीत काय मोजलं याची तिथे फारशी दखल घेतली जात नाही.

मग पाण्याचं काय बघायचं? त्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल जिरवणारा विरघळलेला क्षार. रिपोर्टमध्ये याला टोटल अल्कलिनिटी म्हणतात. सामू आणि अल्कलिनिटी यांत फरक आहे तो वाटीभर उकळत्या पाण्यात आणि हंडाभर कोमट पाण्यात असतो तसा. थर्मामीटर वाटीत जास्त आकडा दाखवेल, पण उष्णता हंड्यात जास्त आहे. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी आणि तुमच्या बोअरचं पाणी पेनवर जवळपास सारखं दिसू शकतं. पण धरणातलं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, त्यात विरघळलेलं फार थोडं. बोअरचं पाणी बेसाल्टच्या फटींतून मुरत आलेलं असतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो त्याचाच. कुंडीच्या काठावर आणि खालच्या ताटलीत पांढरी कड दिसते, तीही बरीचशी त्याचीच.

व्हिनेगरचा फोलपणा घरीच बघता येतो. बादलीभर बोअरच्या पाण्यात थोडं थोडं व्हिनेगर घालून पेनवर 6.5 आणा आणि बादली उघडीच रात्रभर ठेवा. सकाळी आकडा परत वर गेलेला असेल. आम्लामुळे बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो रात्रीतून हवेत उडून जातो आणि उरलेलं बायकार्बोनेट पुन्हा सामू वर ढकलतं. 6.5 ला निम्म्याहून जास्त बायकार्बोनेट पाण्यात तसंच असतं! म्हणजे पेन खूश, पण मूळ ओझं अर्ध्याहून जास्त शिल्लक.

ते सगळं संपवायचं म्हटलं तर किती लागेल? समजा अल्कलिनिटी लिटरला 300 मिलिग्रॅम आहे. दहा लिटरच्या झारीला साधारण तीन रसाळ लिंबं, किंवा 70-80 मिली व्हिनेगर. रोज, उन्हाळाभर. आणि एवढं करूनही ते टिकत नाही, कारण सायट्रिक काय किंवा अॅसेटिक काय, ही सेंद्रिय आम्लं जिवंत मातीतल्या जिवाणूंचं खाद्य आहे. ते ही आम्लं खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं. माती जितकी सजीव तितकं हे लवकर. कढीपत्त्याला ताक घालायची आपली जुनी सवय आहे, ती जरूर चालू ठेवा. पण त्याने सामू कायमचा उतरतो असं समजू नका.

(आणि हो, एका हाताने अंड्याची टरफलं नि चुलीची राख कुंडीत टाकायची आणि दुसऱ्या हाताने पाण्यात लिंबू पिळायचं, असं करणारे खूप आहेत. टरफलं म्हणजे चुनाच, राख तर त्याहून जहाल. कढीपत्ता, मोगरा, अनंत यांच्या कुंडीत दोन्ही नकोत.)

आता तुमचं खरं काम. सोसायटीच्या ऑफिसात बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल असतो, तो मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, अल्कलिनिटीची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्यासाठी पास झालं तरी कुंडीसाठी ते बरंच जड असू शकतं. अहवाल नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानात केएच, म्हणजे हीच अल्कलिनिटी अंशांत, मोजायचं थेंबांचं किट मिळतं. जितक्या थेंबांना रंग बदलतो तितके अंश, आणि एक अंश म्हणजे सुमारे 18 मिलिग्रॅम. शंभर-दीडशेपर्यंत असेल तर विषय सोडून द्या. दोनशेच्या वर असेल तर मोठ्या ड्रममधल्या झाडांना तरीही फारसा त्रास होत नाही, पण आठ-दहा इंची कुंडीत तेच पाणी वर्षानुवर्षं पडत राहिलं की माती हळूहळू चुनखडीकडे झुकते.

सोसायटीत सॉफ्टनर प्लांट आहे का, हेही विचारा. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याजागी सोडियम घालतो. बायकार्बोनेट तसंच राहतं. हे पाणी झाडांना मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा वाईट, आणि कुठलंही आम्ल घातलं तरी सोडियम जात नाही. प्लांटच्या आधीचा नळ मिळतो का बघा. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी वाया जातं म्हणून कुंड्यांना घालणारेही पुष्कळ. त्यात तेच क्षार आणखी दाट झालेले असतात. लादी पुसायला वापरा.

आता पिवळेपणा. पान हातात घेऊन बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, अशी जाळी दिसत असेल तर लोह मिळत नाहीये. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर नत्र कमी आहे किंवा कुंडीत पाणी साचतंय, आणि मग सामूचा काही संबंधच नाही. माझ्या मते गच्चीवरच्या निम्म्या "सामूच्या" तक्रारी या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

जाळी दिसली तर पाण्याआधी माती तपासा. ती माती कुठली आणली होती? कुंडीच्या तळाची चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, त्यावर व्हिनेगर टाका आणि बशी कानाजवळ धरा. चर्र आवाज आला, बुडबुडे उठले तर मातीत चुनखडी आहे. दख्खनच्या काळ्या मातीत ती अनेकदा असते, आणि तिचा सामू सहज 8 च्या वर असतो. नर्सरीवाला "लाल माती" म्हणून देतो त्यातही कधी कधी मुरूम आणि काळी मिसळलेली असते. कोकणातली, गोव्यातली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी, त्यामुळे तिथे अनंत आणि एक्झोरा कुंपणाला लावले तरी माजतात आणि पुण्यात लाड करूनही रुसतात. तिकडच्या वाचकांनी हे उत्तर वाचून काही करू नये.

माती फसफसली तर गंधक घालून सामू उतरवू असं कुणी म्हणेल. हिशेब करा: एक किलो गंधक, जिवाणूंनी त्याचं सल्फ्युरिक आम्ल केल्यावर, साधारण तीन किलो चुना संपवतं. दहा किलो मातीत दहा टक्के चुनखडी असेल तर एक किलो चुना, म्हणजे एका कुंडीला तीनशे ग्रॅमच्या वर गंधक. एवढं घातलं तर सामू उतरायच्या आधी झाड जाईल. अशा कुंडीची माती बदलायची, वाद घालायचा नाही. बुडबुडे नसतील आणि सामू साडेसात-आठ असेल तर मात्र महिना-दोन महिन्यांतून चमचाभर गंधक मातीत मिसळून ओल राखणं उपयोगाचं ठरतं. त्याला वेळ लागतो, उबदार हवा लागते.

मातीचा सामू मोजताना ते पेन असं थेट मातीत खुपसू नका. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवा आणि मग वरच्या पाण्यात बुडवा. त्याआधी पेनसोबत आलेल्या 6.86 आणि 4 च्या पुड्या विरघळवून ते जुळवून घ्या. न जुळवलेल्या पेनचा 8.1 म्हणजे 7.5 ही असू शकतो. दोन काट्यांचं बिनबॅटरीचं मीटर मिळतं, ते मी कुणालाही सुचवत नाही.

तुमच्या कढीपत्त्यासाठी आज करता येण्यासारखं: लिटरभर नळाच्या पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. हिराकस नुसतं मातीत टाकलं तर काही दिवसांत त्याचा गंज होतो, म्हणून मातीत द्यायचंच असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून द्या. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं लोह, घेणार असाल तर डब्यावर त्या बांधणाऱ्या रेणूचं नाव ईडीडीएचए आहे का बघा. ईडीटीए आपल्या असल्या मातीत टिकत नाही.

आणि पाऊस तोंडावर आलाय. गच्चीवरच्या कुंड्या आडोशाला ओढू नका, पहिल्या जोराच्या सरींमध्ये उघड्यावर राहू द्या. तळाची भोकं मोकळी आहेत ना एवढं आधी काडी घालून बघा. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास नसतेच, उन्हाळाभर साठलेलं बरंचसं धुऊन निघतं. मोगऱ्याचा निर्णय त्या धुण्यानंतर फुटणाऱ्या पालवीवर घ्या, आत्ताच्या पानांवर नको. अहवाल मिळाला की अल्कलिनिटी आणि सोडियमचे आकडे इथेच टाका, आणि शेंड्याच्या पानाचा फोटो उन्हात न काढता सावलीत काढा, म्हणजे शिरांचा रंग नीट दिसेल.