गाळाचा गाभा वाचताना घाई नको

कोयनेला खोल छिद्र घेऊन बेसाल्ट भेदला नि खालचा ग्रॅनाइट गाठला, ते कराडला शिकताना तू ऐकलंच असशील. समुद्रातला गाभा, म्हणजे तळात छिद्र घेऊन काढलेला गाळाचा लांब दंडगोल, मात्र वेगळ्या नजरेनं वाचावा लागतो. सुरुवात अरबी समुद्राच्या तळातल्या लक्ष्मी खोऱ्यापासून कर. २०१५ साली मुंबईच्या नैऋत्येला, सुमारे ३.६ किमी पाण्याखाली, तळात ११०० मीटर छिद्र घेतलं. बराचसा गाळ सिंधूचा.

जाडी भागिले वर्षं करून गाळ साचण्याचा एकच वेग काढू नकोस, सगळे तिथंच फसतात. मधला ३०० मीटरहून जाड थर सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उतारावरून घसरून आलाय. त्यातले जीवाश्म त्या घसरणीहून जुने, त्यांवरून थराचं वय ठरवशील तर संपलंच! आधी असे थर वेगळे काढ, गाळ न साचलेले काळ शोध. खोलीनुसार वयाचा आलेख मागाहून.