मर्ढेकरांचे सिद्धांत त्यांच्याच कवितेत किती उतरलेत?

तुम्ही विचारलंय की बा. सी. मर्ढेकरांनी समीक्षेत जे सिद्धांत मांडले ते त्यांच्या स्वतःच्या कवितेत दिसतात का, की दोन्ही गोष्टी वेगवेगळ्याच राहिल्या. माझं मत असं की बांधणीत ते पुरेपूर दिसतात, पण कवितेला जे म्हणायचंय त्यात नाही. मी प्राध्यापक नाही. मराठीत एम.ए. केलं आणि मालवणात वडिलांच्या किराणा दुकानात बसलो. त्यामुळे उत्तर थोडं गल्ल्यावरचं वाटलं तर समजून घ्या.

आधी सालं बघा, कारण लोकांचा तिथेच घोळ होतो. मर्ढेकरांनी कविता लिहिली आणि मग तिच्या समर्थनासाठी शास्त्र रचलं, असं सर्रास समजतात. पण कलाविचारावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३७चं आणि ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१चं. मधे १९३९ला आलेला ‘शिशिरागम’ हा पहिला संग्रह बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वळणाचा, हळवा. ज्यावरून मराठीत गदारोळ झाला, अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि पुढे निर्दोष सुटका झाली, तो ‘काही कविता’ १९४७चा. म्हणजे डोक्यात सिद्धांत तयार असूनही हा माणूस काही काळ जुन्याच चालीत लिहीत होता. मधल्या वर्षांत महायुद्ध झालं, मुंबईतली आकाशवाणीची नोकरी, गिरण्या, लोकलगाड्या हे सगळं अंगावर आलं. त्याला धरायला हात हवा होता, तो सिद्धांताने दिला. आज आपण ‘सौंदर्य आणि साहित्य’ म्हणून वाचतो ते पुस्तक तर १९५५चं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोवर मर्ढेकर हयात नव्हते.

सिद्धांत अगदी ढोबळ सांगायचा तर सौंदर्य म्हणजे लय, आणि लय तीन प्रकारांनी घडते: संवाद (सारख्या गोष्टी जुळणं), विरोध (उलट गोष्टी समोरासमोर येणं), समतोल (दोन्ही बाजू तोलून धरणं). साहित्याचं माध्यम नुसता शब्द किंवा नाद नाही, तर भावनात्मक अर्थ. आणि कवितेच्या दृष्टीने सगळ्यात कामाची कल्पना म्हणजे भावनानिष्ठ समतानता. दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या पाहिजेत असं नाही, मनात त्या एकच भाव उठवत असतील तर त्यांची जोडी जमते. चेहऱ्याला चंद्र म्हणायचं ते रूपावरून. मर्ढेकरांना ते पुरेसं नव्हतं. याचं नातं लोक इंग्रजी कवी-समीक्षक टी. एस. एलियटच्या १९१९च्या हॅम्लेटवरच्या निबंधाशी जोडतात, ते खरंही आहे. पण एलियट भावनेसाठी बाहेरची वस्तू शोधतो आणि मर्ढेकर दोन प्रतिमांमधला सांधा शोधतात, एवढा फरक धरून चाला.

आता मर्ढेकरांच्या उंदरांवरच्या कवितेकडे येऊ. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही ओळ पुष्कळ जण ‘ओले उंदीर’ अशी वाचतात. ओलं आहे ते पिंप. ‘ओल्या’ हा शब्द पिंपापासून तोडून उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवलाय, म्हणून ओल दोघांनाही लागते. आमच्या दुकानाच्या मागे पन्हळाखाली एक पिंप असतं. एका जुलैत सकाळी त्यात उंदीर तरंगताना दिसला. डोळे उघडे, अंगावरचे केस चप्प बसलेले, फणी फिरवल्यासारखे. आई बघून म्हणाली, “मेलो खरो, पण न्हावन इल्यासारखो दिसता.” या कवितेचा शेवट ‘पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!’ असा का होतो, हे मला एम.ए.च्या दोन वर्षांत कळलं नव्हतं, ते त्या पिंपापाशी कळलं.

आणि मग मर्ढेकरांचीच दुसऱ्या कवितेतली ओळ आठवली: ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या / सोज्वळ मोहकतेने बंदर’. माघातली पहाट आणि मुंबईचं बंदर. बंदर आणि गर्भार बाई यांच्यात डोळ्यांना दिसेल असं काय साम्य आहे? काही नाही. पण पोटात काहीतरी घेऊन शांत, स्वच्छ उभं असणं दोघांत आहे. मी माघात पहाटे मालवणच्या जेटीवर गेलोय. ट्रॉलर अजून झोपेत असतात, पाणी हलतं न हलतंसं, तेव्हा ही ओळ आपोआप तोंडात येते. भावनानिष्ठ समतानतेचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. आता मात्रा मोजा. ‘पिपांत मेले’ आठ, ‘ओल्या उंदिर’ आठ. ‘न्हालेल्या जणु’ आठ, ‘गर्भवतीच्या’ आठ. तेच पादाकुलक (आठ-आठ मात्रांच्या ओळीचं वृत्त), तेच न्हाणं, एकीकडे येऊ घातलेला जन्म आणि दुसरीकडे मढं. हा विरोध कवीने ठरवून दोन कवितांत वाटला असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा कान लयीत विरोध शोधायला तयार झालाय, त्याच्या हातून हे होतं.

मर्ढेकरांच्या ‘गणपत वाणी’ या कवितेबद्दल मी निःपक्षपाती असणं कठीण, धंदा एकच! तरी बांधणी बघा. गणपतचं स्वप्न वर जाणारं, ‘ह्या जागेवर बांधिन माडी’. आणि प्रत्यक्षात बिडी पिताना त्याने चावून फेकलेल्या काड्या दुकानाच्या जमिनीत रुतत जातात. एक रेघ वर, एक खाली. शेवटी आंधळ्याची म्हण येते आणि तीही जन्मांधाला दोन डोळे देऊन उलटी फिरते. हा समतोल म्हटला तर समतोल, पण तराजूचं पारडं हाताने दाबून आणलेला.

सिद्धांत कुठे अपुरा पडतो ते आता सांगतो. उंदरांच्याच कवितेत मधे अशी ओळ आहे: ‘जगायची पण सक्ती आहे’. लगेच पुढे मरायचीही सक्ती. इथे प्रतिमा नाही, समतानता नाही, दोन गोष्टींची जोडीच नाही. सरळ विधान आहे, चहाच्या टपरीवर कुणी बोलावं तसं. लयीच्या हिशेबात ते कसंबसं बसवता येईल, पण ते चटका लावतं ते जगण्यातून आल्यामुळे. आणि शुद्ध सौंदर्याच्या हिशेबात मर्ढेकर जगण्याला तेवढी जागा देत नाहीत. आमच्या देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर साहित्याला जीवनवेधी कला म्हणत, त्यात ही ओळ विनासायास बसते. मर्ढेकर वाचताना मला पुष्कळदा विंदांची समीक्षा जास्त उपयोगी पडली आहे, हे परीक्षेत लिहिलं असतं तर मार्क गेले असते.

तुम्हाला पेपरसाठी हवं असेल तर आधी ‘काही कविता’तल्या आठ-दहा कविता मोठ्याने म्हणा, मात्रा बोटांवर मोजा, आणि मगच ‘सौंदर्य आणि साहित्य’ उघडा. मी उलटं केलं होतं आणि वर्षभर मला प्रत्येक ओळीत फक्त संवाद, विरोध आणि समतोल दिसत होते, उंदीर दिसतच नव्हता.