अमेरिकेतल्या एमआयटीची सीसेल (संगणकशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता) प्रयोगशाळा नेमकी कधीची, १९६३ की २००३?

दोन्ही सालं बरोबर आहेत. २००३ मध्ये दोन प्रयोगशाळा एक होऊन हे नाव मिळालं, कामाची सुरुवात फार आधीची.

१९५९ मध्ये जॉन मॅकार्थी आणि मार्विन मिन्स्की यांनी एमआयटीत कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम सुरू केलं. १९६३ मध्ये रॉबर्ट फानोंनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर 'प्रोजेक्ट मॅक' उभा केला. त्याचा भर टाइम-शेअरिंगवर होता. संगणक एकच, पण टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं, अख्खं मशीन आपल्याच दिमतीला आहे. एमआयटीचे संगणकशास्त्रज्ञ कॉर्बाटो यांच्या ज्या सीटीएसएस प्रणालीवर हे चालायचं, तिच्यात तेव्हाच पासवर्ड होते! (म्हणजे पासवर्ड विसरण्याचं दुखणंही साठ वर्षांचं.) संगणकशास्त्रज्ञ वायझेनबॉम यांचा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम 'एलायझा' इथलाच, १९६६ चा.

१९७० मध्ये मिन्स्कींच्या गटाने वेगळी चूल मांडली आणि एआय लॅब झाली. गंमत म्हणजे इमारत तीच राहिली. उरलेला प्रोजेक्ट मॅक पुढे संगणकशास्त्र प्रयोगशाळा म्हणून ओळखला जाऊ लागला. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन एआय लॅबमधले.

२००३ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र आल्या, तीच सीसेल. पुढच्याच वर्षी वास्तुविशारद फ्रँक गेरींच्या वाकड्यातिकड्या स्टाटा सेंटर या इमारतीत बिऱ्हाड हललं.